घरात मांजर आहे, आता कुत्रा आणतोय. दोघांना सरळ समोरासमोर सोडलं तर आपोआप जमतं का?

नाही जमत. तुम्ही लिहिलंय की मांजर चार वर्षांची आहे, कुत्रा घ्यायचं जवळपास ठरलंय, आणि ओळखीतले सगळे सांगतायत की पहिल्याच दिवशी एका खोलीत सोडा, मांजरीचे नाकावर दोन फटके बसले की कुत्रा शिकेल. अगदी हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकलंय आणि त्याचे हाल माझ्या मांजरीने सोसलेत. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आमची ठमी एकटीच वाढलेली. कुत्रा तिने पाहिला तो खिडकीतूनच. मग मोठे दीर, जाऊबाई आणि मुलं काही महिने आमच्याकडे राहायला आली आणि त्यांच्याबरोबर त्यांचा शेरू. तगडा, ऐन उमेदीतला, माणसांशी अत्यंत गुणी. मी आधीच म्हटलं होतं, "भाऊजी, ठमीला आतल्या खोलीत ठेवते, ते दार तेवढं बंद राहू द्या." ते म्हणाले, "अगं, जनावरं आहेत ती. त्यांचं ती बघून घेतात. आपण मधे पडलो की बिघडतं." आणि त्याच संध्याकाळी त्यांनी दार उघडलं.

कडीच्या आवाजाने मी वळले तर शेरू उंबऱ्यावर उभा. भुंकत नव्हता, गुरगुरतही नव्हता. तोंड घट्ट मिटलेलं, कान पुढे, पुढचा एक पाय जमिनीपासून उचललेला, शेपूट ताठ, नजर एका जागी. कुत्रा पाळलेल्यांनी हे ध्यान ओळखायला शिकलंच पाहिजे. भुंकणाऱ्या, उड्या मारणाऱ्या कुत्र्याची मला तेवढी भीती वाटत नाही, असा गोठून गप्प झालेल्याची वाटते. ठमी पलंगावर फुगून दुप्पट झाली होती. ती पळाली आणि तो सुटला.

ती कपाटावर चढली म्हणून वाचली. पण नंतर खाली उतरेना, खाईना. उतरली ती थेट तिच्या शी-शूच्या, माती भरलेल्या डब्यात जाऊन बसली. बसायची, जोर करायची, उठायची, परत बसायची. डब्यात दोन-चार थेंब, तेही लालसर. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मूत्राशयाला सूज आहे, जंतुसंसर्ग नाही, मांजरींमध्ये ताणामुळे असं होतं. बोका असता तर मूत्रमार्ग तुंबून जिवावर बेतू शकलं असतं. बोक्याची लघवी अडली तर उद्यावर ढकलायची नसते, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. शिवाय मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की यकृतात चरबी साठायला लागते, लठ्ठ मांजरींना तर हा धोका फारच. हे सगळं भाऊजींना सांगितल्यावर त्यांचा प्रश्न एकच, "पण तो चावला तर नाही ना?"

हा प्रश्नच चुकीचा आहे, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. नुकसान पाठलागातच होऊन जातं. टक लावणं, दबकत जाणं, पाठलाग, पकड, चावा ही शिकारीची साखळी कुत्र्याच्या रक्तात आहे. माणसाने जाती घडवताना तिचे वेगवेगळे तुकडे वाढवले. मेंढ्या राखणाऱ्यांत टक लावणं आणि वळवणं, ग्रेहाउंडसारख्या वेगवान शिकारी कुत्र्यांत पाठलाग आणि पकड, उंदीर-घुशी मारायला तयार केलेल्या टेरियरमध्ये शेवटच्या चाव्यापर्यंत सगळं. पण पाठलाग करताना मिळणारी मजा हेच कुत्र्याचं बक्षीस असतं, वेगळा खाऊ द्यावा लागत नाही. एकदा चव लागली की पुढच्या वेळी तो आणखी लवकर सुटतो. आणि मांजर इकडे शिकते की हे घर आता आपलं राहिलं नाही. "दोन फटके बसले की शिकेल" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, फटका डोळ्यात बसला तर? मांजरीच्या नखाने बुबुळ फाटू शकतं. आणि कुत्र्याचा दात लागला तर मांजरीच्या कातडीवर छोटंसं भोक दिसतं, आतलं मात्र सगळं चिरडलेलं असू शकतं.

त्यानंतर मी कुणाची परवानगी विचारली नाही. दोघांना वेगळ्या खोल्या, एकमेकांची अंथरुणं अदलाबदल, बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग मधे जाळी, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच, त्यात फार शिरत नाही. खरा वाद पेटला तो पट्ट्यावरून. जाळी काढल्यावर शेरूला मी घरातही पट्ट्यातच ठेवत होते आणि भाऊजींना तो छळ वाटत होता. "स्वतःच्या घरात कुणी कुत्रा बांधतं का?" बांधलेला नव्हताच तो. पट्टा सैल, टोक माझ्या हातात नाहीतर पायाखाली. पण समजा, बांधलेलाच म्हणू. दोघांपैकी एकाचं स्वातंत्र्य काही काळ आवळायचंच असेल तर ते कुत्र्याचं आवळायचं, मांजरीचं नाही. बहुतेक घरांत उलटं चालतं. मांजर खोलीत कोंडतात, कुत्रा घरभर मोकळा, आणि वर म्हणतात मांजर माणूसघाणी झाली. मांजरीला पळायला वाट आणि चढायला उंच जागा असली पाहिजे, आणि जवळ कधी जायचं हे तिनेच ठरवलं पाहिजे. तिला उचलून कुत्र्याच्या नाकाशी नेणं तर कधीच करू नका.

शेरूला मी एकच गोष्ट शिकवली. ठमीकडे बघून नजर वळवली की खाऊ. बघितलं म्हणून रागावले नाही. मांजर दिसली की ओरडा बसतो, असं एकदा कुत्र्याच्या डोक्यात बसलं की मांजरीवरचा राग वाढतो, हे साधं गणित आहे. आधी मांजर नसताना "सोड" आणि "इकडे बघ" पक्कं केलं, मग ती लांब असताना, मग जवळ. त्याचं मिटलेलं तोंड उघडून जीभ बाहेर आली, अंग सैल पडलं, की समजायचं, आता डोक्यात काहीतरी शिरेल. तोंड मिटलं की अंतर वाढवायचं. ठमी फिस्कारली तर तिलाही गप्प केलं नाही. फिस्कारणं हा तिचा नकार आहे, आणि तो ऐकायला शिकणं हे कुत्र्याचं काम.

मग एके दुपारी ती कपाटावरून उतरली आणि शेपूट उभी, टोकाशी किंचित वाकलेली, अशी त्याच्या पुढ्यातून शांतपणे चालत गेली. तो पडल्या जागीच राहिला. तिच्याकडे बघितलं, मान फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. इतकी शाबासकी मी आयुष्यात कुणाला दिली नसेल. जायच्या वेळेपर्यंत दोघं एका सतरंजीवर झोपत होती, मधे हातभर अंतर ठेवून. मला तेवढं पुरेसं होतं. गळ्यात गळे घातलेच पाहिजेत असं काही नाही, एकमेकांकडे दुर्लक्ष करता आलं तरी खूप झालं.

आता भाऊजी नातेवाइकांत सांगतात, "आमच्या शेरूने मांजरीशी आपोआप जमवून घेतलं. मी तर पहिल्याच दिवशी दार उघडलं होतं." तुमच्या ओळखीतले जे सांगतायत ना, त्यांच्याही घरात कुणीतरी हातात पट्टा धरून बसलेलं असणार. सांगणाऱ्याला ते दिसलेलं नसतं. त्यांच्याऐवजी त्या माणसाला विचारा.

पिल्लू आणावं की मोठा कुत्रा, हेही तुम्ही विचारलंय. माझं मत, मांजरीबरोबर आधी राहिलेला शांत, मोठा कुत्रा मिळाला तर तो घ्या. पिल्लाला सवय लवकर लागते, तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे दिसतं ते त्याला आपलं वाटतं, हे खरं. पण पिल्लू दिवसभर मांजरीच्या अंगावर झेपावतं, आणि तुमच्या मांजरीचा तो काळ, म्हणजे दुसरा ते सातवा आठवडा, कधीच सरलाय. आकारावर जाऊ नका. खारीमागे वेडा होणारा छोटा कुत्रा, पसरून झोपणाऱ्या धिप्पाडापेक्षा वाईट.

आणि हो, काही कुत्र्यांशी कितीही मेहनत घेतली तरी जमत नाही. पट्ट्यातही मांजर दिसताच गोठतो, खाऊ तोंडाशी धरला तरी घेत नाही, असं होत राहिलं तर हट्ट करू नका, त्याला मांजर नसलेलं घर शोधा. जमलेल्या जोडीलाही सुरुवातीचे महिने एकटं सोडून बाहेर जाऊ नका. मांजरीचा डबा कुत्र्याचं तोंड पोचणार नाही तिथे ठेवा, तो त्यातलं खातो. तिचं जेवण वेगळं आणि उंचावर. कुत्र्याच्या खाण्यावर ती जगू शकत नाही, तिला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं. आणखी एक, कुत्र्याच्या मानेवर गोचीड-पिसवांसाठी टाकतात त्या थेंबांच्या पाकिटावर परमेथ्रिन या कीटकनाशकाचं नाव लिहिलंय का ते आधी बघा. ते मांजरीला विष आहे, कुत्र्याला चाटून किंवा त्याला चिकटून झोपूनही तिला बाधतं. मांजर असलेल्या घरात ते आणूच नका, डॉक्टरांकडून दुसरं औषध लिहून घ्या. चुकून लागलंच आणि तिचं अंग थरथरायला लागलं, तर उतरेल म्हणून वाट बघू नका, पाकीट बरोबर घेऊन तडक दवाखान्यात जा.