लाकूड ‘कातणं’ आणि पायाखालचं ‘पायडल’

एका वाचकानं विचारलं आहे: ‘लाकूडकामासाठी मी पायानं चालवायचा लेथ, म्हणजे लाकूड फिरवत घडवायचं यंत्र, बनवतो आहे. तो कसा बनवला ते मराठीत लिहून ठेवायचं आहे. “लाकूड कातलं” असं लिहिलं तर मित्रानं हटकलं, की कातायचं ते सूत, लाकूड नव्हे. मग काय लिहू? पायाखालच्या ट्रेडलला मराठीत काय म्हणतात? आणि “पादचलित लेथ” हे नाव कसं वाटतं?’

‘लाकूड कातलं’ हे निःशंकपणे लिहा. मराठीत सूत कातलं जातं तसं लाकूडही कातलं जातं. वाकसानं तासतात, करवतीनं कापतात, रंध्यानं रंधतात आणि फिरत्या लाकडाला हत्यार लावून गोल आकार देतात ते कातणं. ते काम करणारा कातारी, त्याचं काम ते कातकाम. ‘कातीव’ हा शब्द तर तुमच्या मित्राच्याही तोंडात असेल. कातीव खांब, कातीव पाय, कातीव नाक. नाकाला आपण कातीव म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे सूत नसतं, घोटीव आणि रेखीव घडवलेली वस्तू असते.

एकच क्रियापद दोन कामांना कसं, हे पाहण्यासारखं आहे. संस्कृतात ‘कृत्’ रूपाचे दोन धातू आहेत. धातुपाठात, म्हणजे धातूंच्या जुन्या यादीत, एक ‘कृती छेदने’ आणि दुसरा ‘कृती वेष्टने’ असा दिला आहे. म्हणजे एक कापण्याचा, एक गुंडाळण्याचा. त्यामुळे ‘कर्तन’ या शब्दाला कापणं आणि सूत कातणं हे दोन्ही अर्थ आहेत. कर्तरीची कातर झाली ती छेदाच्या अंगानं, आणि चरख्यावरचं कातणं आलं ते वेष्टनाच्या अंगानं. लाकूड कातणं कोणत्या अंगाचं म्हणाल, तर माझ्या मते वापरणाऱ्याच्या मनात तिथे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. लाकूड गरगर फिरतं आणि फिरता फिरता कापलं जातं.

हे मला पुस्तकापेक्षा हातानं जास्त पटलं. काठीचा लेथ मी एकदा चालवून पाहिला होता. रचना अगदी साधी. डोक्यावर एक लांब, लवणारी काठी, तिच्या टोकाला दोरी. ती दोरी खाली येते, लाकडाच्या ओंडक्याला तिचे दोन वेढे पडतात आणि तिचं दुसरं टोक पायाखालच्या फळीला बांधलेलं असतं. ओंडका दोन अणकुचीदार टोकांमध्ये धरलेला. फळी दाबली की दोरी ओढली जाते, काठी वाकते आणि लाकूड आपल्याकडे फिरतं. तेवढ्यात हत्यार टेकवायचं. पाय उचलला की काठी सरळ होते, दोरी वर जाते आणि लाकूड उलटं फिरतं. तेव्हा हत्यार केसभर मागे घ्यायचं. मला पहिली पंधरा मिनिटं ते जमलंच नाही, कारण हात पायाचं ऐकत नव्हता. जमलं तेव्हा ओल्या लाकडाची लांबच लांब साल पात्यावरून हातावर आली. खाली पाहिलं तर दोरीचे वेढे घेऊन फिरणारा तो ओंडका मला थेट चरख्याच्या चातीसारखा, म्हणजे सूत गुंडाळत फिरणाऱ्या सळईसारखा दिसला. दोरीनं फिरते ती चाती आणि दोरीनंच फिरतं ते लाकूड. दोघांचं क्रियापद एक असणं तेव्हापासून मला अजिबात खटकत नाही.

आता ‘पादचलित’. आधी व्याकरण. ‘स्वयंचलित’ बरोबर आहे, कारण ते स्वतःहून चालतं. इथे पाय चालवतो आणि यंत्र चालवलं जातं, म्हणून नेमकं रूप ‘पादचालित’. पण नेमकं असलं तरी ते मला नको वाटतं. ज्या लेखात वाकस आणि पटाशी आहे, तिथे हा शब्द सरकारी निविदेतून आल्यासारखा दिसेल. शिवाय मराठीजवळ याहून चांगली सोय आधीपासून आहे. पायमशीन, पायपेटी, पायरहाट, पायगाडी. नुसतं ‘पाय’ पुढे जोडलं की काम झालं. त्याच चालीवर ‘पायलेथ’ म्हणा. करवत पायानं चालत असेल तर ‘पायकरवत’. हे दोन शब्द मी नव्यानं जोडतो आहे, पण सांधा जुनाच आहे.

या सांध्याची एक गंमत लक्षात घ्या. कोणता अवयव राबतो यावर हे नाव ठरत नाही, ते कशापासून वेगळं दाखवायचं आहे यावर ठरतं. हातमागावर विणकराचे पाय सतत चालू असतात. ताणा, म्हणजे उभे धागे, खालीवर होतो तो पायांनीच. तरी नाव हातमाग, कारण समोर यंत्रमाग उभा राहिला. पायमशीन हे नाव हातानं फिरवायच्या हातमशीनमुळे, आणि पायपेटी हे हातानं भाता ओढायच्या हातपेटीमुळे. तुमच्या लेथपुढे मोटरचा लेथ उभा आहे, म्हणून ‘पाय’ शोभतो. मोटरचे लेथ नव्हते तेव्हा त्यांच्यापासून वेगळं दाखवायचं कारणच नव्हतं.

पायपेटी मला इथे विशेष जवळची वाटते. पायानं भाता चालतो आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. पायलेथचं मर्म तेच आहे. इजिप्तमध्ये पेटोसिरिस या पुजाऱ्याच्या थडग्यातल्या, इसवी सनापूर्वी सुमारे 300 च्या चित्रात लेथवर दोन माणसं दिसतात. एक पट्टा ओढून लाकूड फिरवतो, दुसरा हत्यार धरतो. पायाखाली फळी आली आणि पहिल्या माणसाचं काम पायानं उचललं.

ट्रेडलकडे येऊ. इंग्रजीत हा शब्द पाऊल टाकणं, तुडवणं या अर्थाच्या क्रियापदावरून आला. मराठीत ‘पायदान’ सुचवलं जातं, पण पायदान पाय टेकवायला असतं, ते हलत नाही. इथे हलणारी वस्तू हवी. माझं म्हणणं, ‘पायडल’ घ्या. सायकलीचं पायडल आणि पायमशीनचं पायडल लोकांनी केव्हाच आपलं केलं आहे. काहींना तो बिघडलेला इंग्रजी शब्द वाटतो. मला उलट वाटतं. ‘पेडल’ निघाला लॅटिनमधल्या पायवाचक ‘पेस, पेदिस’ या शब्दापासून आणि तो संस्कृतच्या ‘पद्’, ‘पाद’ यांचा सख्खा नातलग आहे. आपला ‘पाय’ही ‘पाद’चाच. म्हणजे बोलणाऱ्यांनी ‘पेडल’मध्ये पाय ऐकला तो बरोबरच ऐकला.

तरी एक भेद लिहिताना सांभाळा. काठीच्या लेथची फळी नुसती दाबायची आणि सोडायची असते, तिला मी ‘पायफळी’ म्हणेन. क्रँक, म्हणजे वरखाली हालचालीला गोल फिरवणारा वाकडा दांडा, आणि जड चाक असलेल्या लेथचं ते पायडल. तिथे वरखाली होणारी दांडी चाकाला गोल फिरवते, आणि दांडी अगदी वर किंवा अगदी खाली असताना पायाचा जोर निरुपयोगी होतो तेव्हा चाकाचा स्वतःचा वेग पुढे नेतो. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत असा लेथ रेखाटलेला आहे. म्हणून पायफळी दाबतात आणि पायडल मारतात. लहानपणी पायमशीनवर मी वरच्या चाकाला हात न लावताच पायडल मारायचो, चाक उलटं जायचं आणि दोरा तटकन तुटायचा. तुमच्या लेखात ‘सुरुवातीला चाकाला हातानं पुढची दिशा द्या’ हे वाक्य हवंच.

जाता जाता, पुढे कधी लाकूड तासताना पकडून ठेवणारा पायाचा बाकही बनवाल. त्यावर टांग टाकून बसायचं, पायानं खालचा दांडा पुढे रेटला की वरचा जबडा लाकडावर आवळतो आणि दोन मुठींची सुरी स्वतःकडे ओढायची. इंग्रजीत त्याला घोडा म्हणतात. आपल्याकडेही लाकडी आधाराला ‘घोडी’ म्हणतातच, तेव्हा ‘तासायची घोडी’ म्हणा. तिच्यावर ‘मांड ठोकून बसा’ असं लिहिलंत तर कसं बसायचं याचं चित्र वेगळं काढावं लागणार नाही.