चार्ट आधी खाली उतरवा, जेईईचं नंतर बोलू

(पत्र नाशिकच्या एका वडिलांचं. मुलगा अकरावीला, इंटिग्रेटेड कॉलेजात. दहावीला ९४ टक्के होते, आता क्लासच्या टेस्टमध्ये फिजिक्स घसरलं आणि स्टार बॅचमधून खाली आला. सिनेमा बघून वडिलांनी अणुबॉम्बवाल्या अमेरिकन फिजिसिस्ट ओपेनहायमरने कोणत्या वयात काय केलं याचा चार्ट मुलाच्या टेबलासमोर लावलाय. प्रश्न : याला त्या लायनीवर कसं आणायचं?)

नमस्कार,

तुमचं पत्र दोन पानांचं आहे, त्यात सगळे मार्क, रँक, फी आणि मधेच एक वाक्य, की हल्ली तो जेवायला आमच्यात बसत नाही, रात्री दोन-अडीचपर्यंत लाइट चालू असतो पण पुस्तक मिटलेलं असतं, विचारलं तर काही नाही म्हणतो. आणि पुढच्याच ओळीत तुम्ही रोटेशनल मोशनच्या टेस्टवर गेलात! अहो, मी तिथंच अडकलोय. हे कधीपासून चाललंय? मित्रांशी बोलतो का? आवडीचं काही करायचा ते सोडलंय का? मरणाबिरणाचं काही बोललाय का, चेष्टेत सुद्धा? याची उत्तरं पत्रात नाहीत आणि मला मार्कांपेक्षा ती हवीयत.

आता चार्ट. त्यातलं सगळं खरं आहे. बाराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या मिनरॉलॉजिकल क्लबात मोठ्या माणसांसमोर व्याख्यान, हार्वर्ड तीन वर्षांत, १९२७ मध्ये पीएचडी. पण चार्ट करताना तुम्ही दोन वर्षं गाळलीत, आणि नेमकी तीच तुमच्या कामाची.

पहिलं १९२१ चं. ओपेनहायमरची शाळा संपली, हार्वर्डची अ‍ॅडमिशन हातात, सुट्टीत युरोपात खनिजं गोळा करायला गेला आणि तिथं आतड्याचा आजार घेऊन परत आला. वर्ष गेलं. घरात बसून चिडचिड, दार लावून घेणं, आईबापांना उलट बोलणं सगळं झालं. बाप ज्यूलियस कापडाचा मोठा व्यापारी, पैशाला तोटा नाही, पण त्याने पोराला गॅप भरून काढायला शिकवणी लावली नाही. शाळेतल्या हर्बर्ट स्मिथ नावाच्या इंग्रजीच्या सरांना गाठलं आणि याला घेऊन जरा लांब फिरून या म्हणाला. दोघं न्यू मेक्सिकोला गेले, पोरगा तिथं घोडेस्वारी शिकला. पुढं १९४२ मध्ये अणुबॉम्बची प्रयोगशाळा कुठं काढायची हा प्रश्न आला तेव्हा याच मुलखातलं लॉस अलामोस त्याने सुचवलं, पण ते राहू दे, १९२२ च्या उन्हाळ्यात हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

दुसरं १९२५ चं. हार्वर्डहून केंब्रिजला गेला. तिथल्या लॅबचा प्रमुख रदरफर्ड, त्याने घेतलं नाही, हार्वर्डच्या ब्रिजमन सरांनी शिफारसपत्रातच लिहिलं होतं की पोरगा हुशार आहे पण प्रयोगाच्या कामात कच्चा आहे. तिथल्याच जे. जे. थॉमसन या दुसऱ्या फिजिसिस्टने घेतलं. काम काय तर बेरिलियमचे पातळ थर बनवायचे, आणि ते याच्या हातून काही केल्या जमेनात. तेव्हा मित्राला पत्रात त्याने लिहिलंय की लॅबचा भयंकर कंटाळा येतो आणि मी त्यात इतका वाईट आहे की काही शिकतोय असं वाटतच नाही. कोऱ्या फळ्यासमोर हातात खडू धरून एकटाच तेच तेच पुटपुटत उभा राहायचा. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं त्याला, ओपेनहायमरला! १९२६ मध्ये प्रयोग सोडून थिअरी करायला जर्मनीत गॉटिंगेनला मॅक्स बॉर्न या प्रोफेसरकडे गेला तेव्हा गाडी रुळावर आली. म्हणजे चार्टमधली ती पीएचडी लॅब सोडल्यानंतरची आहे.

आणि एक गैरसमज तुमच्यासारख्या बऱ्याच पालकांचा, की फिजिसिस्ट व्हायचं तर लहानपणापासून फिजिक्समध्ये टॉप पाहिजे. तुम्ही लिहिलंय की "केमिस्ट्रीत बरा आहे, प्रॅक्टिकलला रमतो, पण केमिस्ट्रीने काय होतंय." ओपेनहायमरची हार्वर्डची डिग्री केमिस्ट्रीचीच आहे हो! सोळा-सतराव्या वर्षी बापाने शिडाची बोट घेऊन दिली तर तिचं नावसुद्धा एका रसायनावरून ठेवलं पठ्ठ्याने. फिजिक्सचे वरचे कोर्स करू द्या म्हणून त्याने वाचलेल्या पुस्तकांची लांबलचक यादी जोडून अर्ज केला, त्यावर एक प्रोफेसर म्हणाले म्हणे, ही पुस्तकं वाचलीत म्हणत असेल तर थापा मारतोय, पण नुसती नावं माहीत आहेत यासाठीच पीएचडी द्यायला हवी. फिजिक्सचा पाया आपला तुटक राहिला असं तो स्वतःच पुढं सांगायचा. तुमचा मुलगा अकरावीच्या एका चॅप्टरमध्ये घसरला म्हणून त्यातून काय ठरतं? काहीच नाही.

रस्ते तुम्हाला माहीत असतीलच, सायन्समध्येच राहायचं तर आयसर या सरकारी विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा आहे, नायसर आणि मुंबईच्या सीईबीएस या तशाच संस्थांसाठी नेस्ट आहे, नाहीतर चांगल्या कॉलेजात बीएस्सी करून एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम. जेईई हा त्यातला एक दरवाजा, एकुलता एक नाही.

पण आत्ता हे काही काढू नका त्याच्यासमोर. चार्ट काढा, आणि तो झोपल्यावर गुपचूप नको, त्याच्यादेखत काढा, माझं चुकलं असं सरळ म्हणा. बापाच्या तोंडून हे ऐकायची पोरांना सवय नसते, तो काही बोलणार नाही कदाचित, तरी म्हणा. या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या, तोवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मरणाचं काही बोलला तर मात्र वेळेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि त्याला एकटं सोडू नका. डॉक्टरांकडे गेल्यावर त्याला एकट्याला आत जाऊन बोलू द्या, तुम्ही बाहेर बाकावर बसा, त्याच्या वतीने उत्तरं देऊ नका. बॅच बदलायची की इंटिग्रेटेड सोडायचं की जेईई द्यायचीच नाही, हे दोन महिन्यांनी त्याच्यासोबत बसून ठरवलं तरी चालतंय, तो अजून अकरावीत आहे.