रस्त्याकडेचं तणनाशक आणि छाटणी झालेली बाग

पाऊस उघडला, रस्त्याकडेचं गवत कमरेला लागलं आणि त्याच सुमारास तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षबागांच्या फळछाटण्या सुरू झाल्या. या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ रस्त्याच्या कडेलाच सापडतं. यंदाच्या चार शंकांना एकत्र उत्तर देतोय.

सावळज भागातले एक बागायतदार विचारतात: छाटणीला महिना झाला. रस्त्याकडच्या चार-पाच ओळींत नवी पानं पंख्यासारखी आखडलीत, शेंडे वळलेत. दुकानदार झिंक कमी आहे म्हणतो, कोणी व्हायरस म्हणतं. काय मारू? भरपाई मिळेल का?

आधी काही मारू नका, बघा. नव्या पानांच्या शिरा एकमेकींजवळ समांतर आल्यात का? कडांना टोकदार दाते आलेत का? जुनी, पूर्ण वाढलेली पानं मात्र ठीक आहेत का? रस्त्याकडून आत जाल तसं लक्षण कमी होत जातं का? तसं असेल तर हा टू-फोर-डी या तणनाशकाचा फटका आहे. झिंकची कमतरता किंवा विषाणू रस्ता बघून बागेत शिरत नाही. आणखी एक खूण रस्त्यावरच मिळेल. गाजर गवत, तरोटा, बांधावरची भेंडी किंवा चवळी पिळवटलेली दिसेल, पण शेजारची हराळी हिरवीगार उभी असेल. टू-फोर-डी रुंद पानांवर चालतं, गवतवर्गावर चालत नाही. म्हणून तर उसात ते सर्रास वापरतात, आणि वेल रुंद पानाचा असल्याने द्राक्षाला ते अगदी थोडंही सोसत नाही.

बाजारात याचे सोडियम सॉल्ट, अमाइन सॉल्ट आणि इथाइल एस्टर असे प्रकार मिळतात. यातला एस्टर सगळ्यात घातक. फवारताना वारा नसला तरी ऊन चढल्यावर त्याची वाफ होते आणि ती बागेवर जाते. “मी तर वारं पडलेलं बघून मारलं” असं फवारणारा शपथेवर सांगतो, आणि ते खरंही असतं. त्यात आपल्याकडे भल्या पहाटे फवारायची सवय. ऑक्टोबरच्या पहाटे धुकं जमिनीलगत बसलेलं असताना बारीक थेंब खाली न बसता त्या थंड हवेत तरंगत राहतात आणि हळूहळू सरकतात.

आता उपाय. यावर उतारा नाही, हे स्पष्ट सांगतो. टॉनिक, जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक), अमिनो यांचा मारा करून पैसे घालवू नका. पाण्याचा ताण पडू देऊ नका, खताचं ठरलेलं वेळापत्रक चालू ठेवा आणि पुढची पानं कशी येतात ते बघा. फटका हलका असेल तर शेंड्याकडून चांगली पानं येऊ लागतात. फुलोऱ्यात फटका बसला असेल तर मणीगळ होऊन घड विरळ राहू शकतात, त्याचा हिशेब विरळणीच्या वेळी धरा. निर्यातीची बाग असेल तर माल घेणाऱ्याला आत्ताच कल्पना द्या आणि मालात औषधाचा अंश उरलाय का याची तपासणी करून घ्या. ऐन काढणीत नमुना नापास होण्यापेक्षा हे बरं.

भरपाईचं विचारलंय. हवामान आधारित फळपीक विम्यात तणनाशकाने झालेलं नुकसान धरत नाहीत. तिथे पाऊस, तापमान, आर्द्रता असल्या हवामानाच्या निकषांवरच रक्कम ठरते. तरीही आठवडाभर वाट न बघता ओळीनुसार तारखेसह फोटो काढा, गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) बोलवा आणि पाहणीची लेखी नोंद करून घ्या. शेजारच्या भावकीनेच फवारलं म्हणत भांडण काढण्याआधी आपला पंपही तपासा. उसात टू-फोर-डी मारलेला पंप, त्याचा पाइप आणि नोझल नुसत्या पाण्याने साफ होत नाहीत. धुण्याच्या सोड्याचं पाणी रात्रभर भरून ठेवायचं आणि सकाळी दोन-तीनदा खळखळून धुवायचं. खरं तर तणनाशकाचा पंप वेगळाच हवा, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारून ठेवा.

वाळवा तालुक्यातून: शेताकडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी गवत माजलंय, साप-किरडाची भीती वाटते. ग्लायफोसेट हे तणनाशक, युरिया आणि मीठ एकत्र करून मारू का? की त्यावर बंदी आहे?

विक्री बंद नाही, पण ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर फक्त कीड नियंत्रण चालकांमार्फतच (म्हणजे परवानाधारक फवारणी करणाऱ्यांकडूनच) करावा असं बंधन घातलं आहे. दुकानात बाटली मिळते म्हणून कोणीही पाठीला पंप लावायचा, असं कायद्यात बसत नाही.

मिठाचं तर नावच काढू नका. कृष्णाकाठची आपली किती जमीन आधीच क्षारपड झालीय, ते वाळव्याच्या माणसाला मी सांगायला नको. रस्त्यावरचं मीठ पहिल्या पावसात चरीतून तुमच्याच उसात उतरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हराळी मेली की साइडपट्टी उघडी पडते. काळी माती ती, परतीच्या एका पावसात कड ढासळते आणि ट्रॉली कलंडते. शिवाय तो पट्टा तुमच्या सातबाऱ्यावर नाही. तो बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा असतो, त्यामुळे तिथे फवारण्याआधी त्यांना विचारावं लागतं. माझं मत विचाराल तर ब्रश कटर भाड्याने आणा. बी धरण्याआधी एक कापणी आणि पाऊस गेल्यावर दुसरी, एवढ्यावर भागतं. साप लांब ठेवायला मेलेलं उभं वाळकं गवत काही उपयोगाचं नाही, कापलेलंच लागतं.

पुलाच्या कठड्याशी किंवा मोरीपाशी फवारणीच करावी लागली, तर ती परवानाधारकाकडून, नोझलला हूड लावून, फक्त तेवढ्या ठिपक्यापुरती करून घ्या. पाणी स्वच्छ वापरायला सांगा. ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटतं, त्यामुळे कॅनॉलच्या गढूळ पाण्यात त्याचा जोर जातो. बोअरच्या जड पाण्यातही तेच होतं. मग औषध भेसळीचं म्हणत लोक मात्रा दुप्पट करतात.

खटाव तालुक्यातल्या एका मेंढपाळ भावाचा प्रश्न: फवारलेलं गवत शेळ्यांनी खाल्लं तर?

फवारलेल्या कडेला जनावर सोडूच नका. अडचण अशी की कोमेजताना काही तणांत साखर वाढते, आणि एरवी ज्याला शेळी तोंड लावत नाही तेही ती खाते. लाळ गळणं, हगवण, कळपापासून बाजूला उभं राहणं दिसलं तर घरगुती काही पाजू नका. लगेच पशुवैद्यकाकडे न्या आणि सोबत औषधाच्या डब्याचं लेबल न्या. कडेचं गवत पॅराक्वाट या तणनाशकाने जाळलेलं असेल तर जास्तच जपा, त्याच्यावर उतारा नाही, जनावराला नाही आणि माणसालाही नाही. फवारणाऱ्यानेही काठीला लाल फडकं बांधून कडेला रोवायला हवं. दोन काठ्यांचा खर्च आहे.

विट्याहून: मग गाजर गवताचं काय करायचं?

पाऊस पडून माती ओली असताना, फुलं येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटा. एका झाडाला हजारोंनी बी येतं, त्यामुळे फुललेलं झाड उपटून तिथेच टाकण्यात अर्थ नाही. पानांवर काळ्या रेघांचे पांढुरके भुंगे आणि पिवळसर अळ्या दिसल्या तर तिथे काहीच मारू नका. तो मेक्सिकन भुंगा आहे, गाजर गवतावरच जगतो. आत्ता एक काम लगेच करण्यासारखं आहे. माळावरच्या तरोट्याच्या शेंगा वाळायला लागल्यात. त्या ओरबाडून पोत्यात भरून ठेवा आणि मेअखेरीस, पहिल्या पावसाआधी, गाजर गवत उपटलेल्या कडेला फेका. तरोटा दाट उगवला की गाजर गवताला जागा मिळत नाही, आणि त्याची कोवळी भाजी घरातही चालते. फक्त ती फवारलेल्या रस्त्यावरची खुडू नका.