आरसी कारची ब्रशलेस मोटर खरंच गेलीये का, हे घरी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की १/१० मापाची बग्गी आहे, थ्रॉटल दाबलं की जागच्या जागी थरथरते, हाताने ढकललं तर कधी पळते कधी नाही, आणि दुकानदाराने गाडी न उघडताच सांगितलं की मोटर गेली, नवीन घ्या. आज तरी घेऊ नका. मोटरला तीन वायरी जातात, त्यातली एक सुटली की ती नेमकी अशीच थरथरते, कारण उरलेल्या दोन वायरींवर ती पुढे-मागे हलते पण फिरायला सुरुवात करू शकत नाही, धक्का मिळाला तरच कशीबशी उचलते. म्हणजे मोटर चांगली असूनही हे होऊ शकतं.

मी इंदूरला रामबागेत राहतो, आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी दसरा मैदानावर गाड्या पळवतो. माझ्या ट्रकला हेच झालं होतं, मी पण कुणाचं तरी ऐकून नवीन मोटर मागवली, बसवली, आणि थरथर तशीच. मग ईएससीच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या, वायरीवरची काळी स्लीव्ह कापून बघितली तर बुलेट कनेक्टरच्या (वायरीच्या टोकाला असते त्या गोल पिनेच्या) आतलं सोल्डर चकचकीत नव्हतं, राखाडी आणि दाणेदार होतं, आणि वायर त्या खळग्यात चक्क गोल फिरत होती. बाहेरून सगळं एकदम टाइट दिसत होतं.

तर आधी बॅटरी काढा, मग मोटरच्या तिन्ही वायरी ईएससीपासून सोडवा आणि मोटर चॅसिसमधून बाहेर काढा, पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं गिअर) राहू द्या म्हणजे बोटांना पकड मिळते. वायरींची टोकं एकमेकांना लागू न देता फिरवून बघा, हलके हलके टप्पे लागतील, ते चुंबकाचे आहेत, असायलाच हवेत. आता दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवून धरा आणि परत जोरात फिरवा, आता ती स्पष्ट जड लागली पाहिजे, घट्ट पाकात चमचा फिरवल्यासारखी. असं तिन्ही जोड्यांचं करा. तिन्ही जोड्या सारख्याच जड असतील तर वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, तुटलेलं नाही, मोटरवरचा संशय बराचसा गेला. दोन जोड्या हलक्या आणि एकच जड असेल तर त्या दोन हलक्या जोड्यांत जी वायर कॉमन आहे तीच तुटलीये. आधी तिचा बुलेट बघा, मग ती मोटरच्या डब्यातून जिथे बाहेर येते तिथे बघा. तिथे तुटली असेल आणि तुम्ही स्वतः जोडणार असाल तर एक लक्षात ठेवा, बऱ्याच मोटरींत आतली वाइंडिंगची तारच बाहेर आलेली असते, तिच्यावर वार्निश असतं, ते खरवडल्याशिवाय सोल्डर धरतच नाही.

टोकं सुटी असताना पण जड लागत असेल तर दोन शक्यता. हळू फिरवल्यावर मोकळी आणि जोरात फिरवल्यावर जड, तर आत वाइंडिंग शॉर्ट आहे, अशा मोटरला बहुतेक जळक्या वार्निशचा वास पण येतो आणि ती मिनिटभरात तापते. हळू फिरवतानाही वाळू घातल्यासारखी खरखर लागत असेल तर बेअरिंग, आणि बेअरिंग बदलता येतं, त्यासाठी मोटर फेकू नका. आमच्याकडची काळी माती सुकली की पिठासारखी उडते आणि सगळीकडे शिरते, माझी दोन बेअरिंग्ज तिनेच खाल्लीत.

मल्टिमीटरने वाइंडिंगचा ओहम मोजत बसू नका, तो इतका कमी असतो की साधा मीटर तिन्ही जोड्यांना जवळपास शून्यच दाखवतो, शॉर्ट असो की नसो. मीटर दोन कामांना वापरा. एक, प्रत्येक वायर आणि मोटरचा डबा यांच्यात बीप वाजायला नको, वाजली तर वाइंडिंग बॉडीला लागलंय आणि ती मोटर खरंच गेली. दुसरं काम ईएससीचं. बॅटरी आणि मोटर दोन्ही काढलेल्या असताना बॅटरीच्या लाल वायरीपासून तिन्ही मोटर वायरींना एकेक करून लावा, मग काळीपासून तसंच. सगळीकडे आकडे साधारण सारखे हवेत, एखाद्या ठिकाणी सरळ बीप वाजत राहिली तर त्या वायरीचा मॉसफेट (ईएससीतला करंट चालू-बंद करणारा भाग) उडालाय, आणि मग नवीन मोटर घातली तरी गाडी थरथरणारच.

तुमची मोटर सेन्सरवाली असेल, म्हणजे तीन जाड वायरींशिवाय एक बारीक सहा तारांची केबल असेल, तर तिचा प्लग काढून बघा. बरेचसे ईएससी सेन्सर नसला तरी मोटर चालवतात. केबल काढल्यावर नीट पळाली तर दोष केबलमध्ये किंवा आतल्या हॉल सेन्सरमध्ये (चुंबक कुठे आहे ते ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये) आहे. आणि सेन्सरवाल्या मोटरीत ए, बी, सी वायरींची अदलाबदल करू नका. बिनसेन्सरवालीत चालते, कुठल्याही दोन बदलल्या की फक्त उलटी फिरते.

सोल्डर परत करायचं असेल तर २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने होत नाही, जाड वायर सगळी उष्णता ओढून घेते आणि परत तसाच कच्चा जोड बसतो. निदान ६० वॉटचं घ्या, मला इथे महाराणी रोडवर मिळालं. लाकडाच्या तुकड्याला भोक पाडून बुलेट त्यात उभा करा, आधी खळग्यात सोल्डर वितळवा, मग फ्लक्स लावलेली वायर आत बुडवा आणि थंड होईपर्यंत हात अजिबात हलवू नका.

जोडाजोडी झाल्यावर पहिल्यांदा चाकं हवेत ठेवून थोडंच थ्रॉटल द्या, फुल नको. तिन्ही जोड्यांचं काय आलं ते कमेंटमध्ये लिहा, ईएससीवर मीटरने दाखवलेले आकडे पण लिहा, मी बघतो.