वाचकांचे प्रश्न : आल्टोला जुनं बॉनेट बसवताना

प्रश्न : माझी २०१४ची आल्टो ८०० आहे. जिंतूर रस्त्यावर रात्री रोही (नीलगाय) आडवा आला आणि बॉनेट मधोमध दुमडलं. गॅरेजवाले म्हणतात, जुनं आणू, कोणत्याही आल्टोचं बसतं. खरंच बसतं का?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : नाही. आल्टो हे नाव २००० सालापासून आहे, पण ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या आल्टो ८००ची बॉडीच वेगळी. २०१४च्या शेवटी आलेल्या आल्टो के-टेनचे हेडलाइट निराळे, त्यामुळे तिचंही घेऊ नका. २०१६ मध्ये ८००चा बंपर आणि जाळी बदलली. म्हणून मागताना 'आल्टो ८००, २०१२ ते २०१५' असं स्पष्ट सांगा. आरसीवरचा चेसिस नंबर शोरूमच्या पार्ट काउंटरवर दिला की नेमका पार्ट नंबर मिळतो. नव्या बॉनेटचा भावही तिथंच विचारून घ्या. नवं नुसत्या प्रायमरवर येतं, त्यामुळे रंगाचा खर्च दोन्हीकडे धरून मगच तुलना करा.

पण त्याआधी गाडीचं तोंड तपासा. रोहीची धडक बॉनेटवर थांबत नाही. रेडिएटरवरची आडवी लॉकपट्टी थोडी जरी मागं सरकली असेल तरी अगदी बरोबर बॉनेटही लागणार नाही, आणि मग दोष बॉनेटला दिला जातो. डाव्या बिजागरीच्या बोल्टापासून उजव्या हेडलाइटच्या बोल्टापर्यंत टेप धरा, मग उलट बाजूनं मोजा. दोन मापांत ४-५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर आधी डेंटरकडून ओढून घ्या.

जुनं बॉनेट उलटं करूनच बघा. वरून सगळीच चकचकीत दिसतात. पुढची दुमडलेली कड नखानं खरवडा. गंज तिथूनच सुरू होतो. पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक वरून फिरवा. ते जिथं सैल पडेल तिथं लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. जाड लांबी इंजिनाच्या उष्णतेनं आणि हादऱ्यांनी तडकते. बिजागरीच्या भोकांभोवती पान्याचे ओरखडे असतील तर बॉनेट आधी कधीतरी उतरवलेलं आहे. का उतरवलं ते विचारा. वरचा पत्रा आतल्या चौकटीला मऊ गोंदाच्या ठिपक्यांनी धरलेला असतो. तिथं बोटानं दाबा. ठिपके सुटले असतील तर पत्रा टपटप वाजेल.

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या पार्टसाठी प्रसिद्ध आहे. तिथून ट्रॅव्हल्सनं मागवलंत तर पुठ्ठा आणि गोणपाटात बांधून, उभं ठेवायला सांगा. आडवं टाकलं की वर सामान येतं आणि कड वाकते. पार्ट नंबर लिहिलेली पावती घ्याच. चोरीच्या गाडीचा पार्ट निघाला तर तीच उपयोगी पडेल.

विम्याचं थोडक्यात : दहा वर्षांपुढच्या गाडीत धातूच्या पार्टच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो, शिवाय नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. एका बॉनेटसाठी क्लेम बहुधा परवडत नाही.

रंग उन्हाळ्यात सकाळीच मारून घ्या. दुपारी ४२ अंशांत लांबी भराभर आवळते, रंग वरून सुकतो आणि खाली बुडबुडे राहतात.

प्रश्न : जुनं बॉनेट बसवलं, पण सत्तरच्या पुढं थरथरतं. डावीकडची फटही मोठी आहे.
— एक वाचक, लातूर

उत्तर : बिजागरीचे चारही बोल्ट थोडे सैल करा, काढू नका. एकानं बॉनेट धरून सरकवावं, दुसऱ्यानं दोन्ही फटी सारख्या दिसल्यावर बोल्ट आवळावेत. उंचीसाठी पुढच्या कोपऱ्यातले रबरी स्टॉपर फिरवा. बॉनेट त्यांच्यावर घट्ट टेकायला हवं. स्टॉपर झिजलेले असतील तर नवे टाका, किरकोळ खर्च आहे. तरीही थरथर राहिली तर सुटलेल्या गोंदाच्या जागी पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरून रात्रभर सुकू द्या.

शेवटी लॉक. बॉनेटचा हूक लॉकच्या बरोबर मध्यात उतरतो का ते पाहा. आतून लिव्हर ओढल्यावर बॉनेट थोडंसं उचलून दुसऱ्या खटक्यावर अडकलं पाहिजे. तो खटका धरत नसेल तर गाडी हायवेवर नेऊ नका. पहिलं लॉक सुटलं की वाऱ्यानं बॉनेट उडून थेट काचेवर येतं.