लॅमस, लूनासा आणि नवान्न

प्रश्न असा: ब्रिटन-आयर्लंडातले पेगन (ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेची परंपरा मानणारे लोक) १ ऑगस्टला पहिल्या पिकाचा सण करतात, त्याला लॅमस म्हणावं की लूनासा? मराठीत 'सुगीचा सण' चालेल का?

दोन्ही नावं आज एकाच सणाला लावतात, पण मुळं वेगळी. लॅमस म्हणजे जुन्या इंग्रजीतला 'ह्लाफमॅसे'. ह्लाफ म्हणजे पाव, मॅसे म्हणजे मिस्सा, चर्चमधला प्रार्थनाविधी. नव्या गव्हाचा पाव चर्चमध्ये नेऊन त्यावर आशीर्वाद घ्यायचा दिवस. नाव चक्क ख्रिस्ती, आणि ते पेगनांनी घेतलं, ही गंमतच. पुढे सुरुवातीचा 'ह' गळला, 'फ' पुढच्या 'म'मध्ये मुरला, आणि लोकांनी कोकराशी, म्हणजे 'लॅम'शी, नातं जुळवलं. ते चूक. (याच ह्लाफमधून 'लॉर्ड' आला: पाव राखणारा.)

लूनासा आयरिश. लू हा देव, 'नासद' म्हणजे मेळावा. लूने आपल्या सांभाळणाऱ्या आईच्या, टाल्टूच्या, स्मरणार्थ मीथ परगण्यातल्या टेलटाउनला खेळ भरवले, अशी कथा आहे. मराठीत 'लुघनासध' लिहू नये. जुन्या वर्तनीतले घ आणि ध आज उच्चारात नाहीत. आधुनिक आयरिशमध्ये ऑगस्ट महिन्यालाही लूनासाच म्हणतात.

विक्का या आधुनिक पेगन पंथाच्या आठ सणांच्या वर्षचक्रात दोन्ही नावं चालतात. लू, खेळ, जत्रा असा संदर्भ असेल तर लूनासा लिहा. गहू आणि पाव असेल तर लॅमस. व्याख्येत नुसती '१ ऑगस्ट' ही तारीख देऊन भागत नाही, कारण दक्षिण गोलार्धातले पेगन बहुधा फेब्रुवारीच्या सुरुवातीला हा सण करतात.

'सुगी' मात्र टाळा. या चक्रात कापणीचे सण तीन: हा पहिला, दुसरा सप्टेंबरच्या विषुवदिनाचा, तिसरा ऑक्टोबरअखेरचा. सुगीत सगळा हंगाम येतो. 'नवान्नाचा सण' नेमका बसतो. गोव्यातल्या राय गावचं ५ ऑगस्टचं कणसांचें फेस्त (नव्या पिकाचा ख्रिस्ती सण) तर लॅमसच्या फारच जवळचं, फक्त तिथे भात.

वर्णनात 'गव्हाचं कणीस' खटकतं. गव्हाची ओंबी, भाताची लोंबी. या सणाला ओंब्यांच्या पेंढीच्या आकाराचा पाव करतात, त्याला 'पेंढीचा पाव' म्हणता येईल. पीठ घट्ट लागतं: ५०० ग्रॅम मैद्याला साधारण २८० मिली पाणी, यीस्ट बेताचं. सैल किंवा जास्त फुगलेल्या पिठात कात्रीने पाडलेले ओंब्यांचे दाणे भट्टीत बुजून जातात.