पैसा आपला, पाटी दुसऱ्याची?

"फ्रँचायझीत पैसा आपला घालायचा आणि पाटी दुसऱ्याची लावायची, त्यापेक्षा स्वतःचंच काढलेलं काय वाईट?" ही शंका माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बऱ्याच घरांत असते. फ्रँचायझी म्हणजे एखाद्या कंपनीचं नाव आणि पद्धत घेऊन आपलं केंद्र चालवायचं आणि त्याबद्दल तिला वाटा, म्हणजे रॉयल्टी, द्यायची. भुसावळच्या एका कुटुंबातही तीच होती.

सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले, हाती ग्रॅच्युइटी. सुनेने बरीच वर्षं बालवाडीत शिकवलेलं आणि आता तिला नर्सरी काढायची होती. एका प्रीस्कूल साखळीचा प्रस्तावही आला होता. सासरे म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार आहे. कमवायचं आपण अन् रॉयल्टी त्यांना का भरायची?"

मी तिला विचारलं, पहिल्या वर्षी मुलं किती येतील? फी किती ठेवशील? शिक्षिका मध्येच सोडून गेली तर? शिकवण्याविषयी भरभरून बोलणारी ती इथे गप्प झाली. माझं मत तिथेच झालं. काम हातात बसलंय, पण धंदा कधी केला नाही, अशा माणसाला फ्रँचायझीचा खरा आधार होतो. अभ्यासक्रम, शिक्षिकांचं प्रशिक्षण, साहित्य, जाहिरात सगळं तयार मिळतं. माझ्या लेखी त्याहून मोठा फायदा म्हणजे त्याच वाटेने आधी गेलेली माणसं विचारायला सापडतात. स्वतःच्या नव्या नर्सरीचे आकडे ती कोणाला विचारणार होती?

अमेरिकेत करार होण्याच्या किमान 14 दिवस आधी कंपनीला माहितीपत्रक द्यावंच लागतं. सोडून गेलेल्या केंद्रचालकांची यादीसुद्धा त्यात असते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, मुख्य भिस्त 1872 च्या करार कायद्यावर. म्हणून चौकशी आपणच करायची. कंपनीने दिलेल्या नंबरांवर थांबू नको, बंद पडलेलं केंद्रही शोध, असं मी तिला बजावलं.

तिने धुळे, शहादा, चाळीसगावला फोन लावले. केंद्र बंद केलेल्या एका ताईंनी सगळ्यात मोकळेपणाने सांगितलं: रॉयल्टी नफ्यावर नाही, जमलेल्या फीवर असते, त्यामुळे तोट्यातही भरावी लागते, वर 18 टक्के जीएसटी. प्रवेशाचे महिने हुकले तर वर्षभर नुसतं भाडं भरत बसायचं. हे ऐकून सासरेबुवा उलट निवळले. धोका कुठे आहे ते आता त्यांना कळलं होतं, आणि तो आकड्यांत मांडता येत होता.

अर्धीच रक्कम घालायची, उरलेली बँकेत ठेवायची, असं घरात ठरलं. वकिलाकडून करार वाचून घेतला आणि सहीआधी दोन कलमं बदलून घेतली. ठरलेल्या हद्दीत कंपनीने दुसरं केंद्र द्यायचं नाही, आणि भुसावळचं ऊन पाहता एप्रिलमध्ये शाळेची वेळ सकाळी लवकर ठेवायची मुभा तिला असेल.